बेटांवरील वनस्पतींचे जाणकार : सर जोसेफ हुकर

वनस्पतिशास्त्राचे पुस्तक चाळताना पुष्कळ लॅटिन नावांपुढे हुक. एफ. अशी अक्षरे दिसतात. एफ. म्हणजे फिलियस, अर्थात मुलगा. वडील सर विल्यम हुकर हेही नामांकित वनस्पतिशास्त्रज्ञ. म्हणून मुलाच्या नावाला हे शेपूट लागले, ते नव्वदी ओलांडली तरी सुटले नाही. पण बेटांवरील वनस्पतींच्या अभ्यासात मुलाने केलेले काम स्वतंत्र आहे. हवामान बदलाची चर्चा चालू असलेल्या आजच्या काळात तर त्याची आठवण व्हायलाच हवी.

जोसेफ डाल्टन हुकर यांचा जन्म ३० जून १८१७ रोजी इंग्लंडमधील हेल्सवर्थ येथे झाला. ग्लासगो येथे १८३९ मध्ये त्यांनी वैद्यकाची पदवी घेतली. मात्र ओढा झाडापानांकडेच होता. त्याच वर्षी कॅप्टन जेम्स रॉस यांची दक्षिण ध्रुव मोहीम निघाली आणि हा बावीस वर्षांचा डॉक्टर एरेबस जहाजावर साहाय्यक शल्यवैद्य म्हणून चढला. म्हणजे आपल्यापैकी बहुतेकांहून दोन-तीनच वर्षांनी मोठा!

मे १८४० मध्ये जहाज केरगेलेन बेटांना लागले. ही बेटे हिंदी महासागरातच, पण पार दक्षिणेला. सतत वादळवारा, एकही झाड नाही. १७७६ च्या नाताळात कॅप्टन कुक तेथे आले होते, तेव्हा त्यांच्या शल्यवैद्याला अठराच वनस्पती सापडल्या होत्या. हुकर यांनी भर हिवाळ्यात सुमारे दीडशे गोळा केल्या. त्यात शेवाळे आणि आपल्या मसाल्यातल्या दगडफुलाची भावंडे पुष्कळ होती. गोठलेले झुबके ते हातोडीने फोडून काढीत, नाहीतर त्यांच्यावर बसून अंगाच्या उबेने बर्फ वितळवीत. विद्वत्तेचे हे रूप आपण सहसा डोळ्यांसमोर आणत नाही.

तेथला कोबी प्रसिद्ध आहे. मुळा आणि मोहरी यांच्याच कुळातला. ताज्या भाजीविना स्कर्व्हीने खंगणाऱ्या खलाशांना तो अमृतासारखा. गंमत अशी की, त्या वाऱ्यात उडणारे कीटक टिकत नाहीत, म्हणून या कोबीने परागीभवनाचे काम वाऱ्याकडेच सोपविले आहे. तेथेच हुकर यांनी दगड झालेली लाकडे पाहिली. आज झुडूपही उभे राहत नाही, तेथे एके काळी अरण्य होते! बेटाचे हवामान कायमचे नसते, याचा पुरावा त्यांच्या पायाखालीच होता.

त्या फेरीत सेंट हेलेना बेटही पाहून झाले. परत आल्यावर डार्विन यांनी गॅलापागोस बेटांवरून आणलेल्या वनस्पती ओळखण्याचे काम त्यांच्याकडे आले. दोघांची मैत्री जमली, ती डार्विन यांच्या मृत्यूपर्यंत टिकली. १८६६ मध्ये नॉटिंगहॅम येथे हुकर यांनी बेटांवरील वनस्पतींवर व्याख्यान दिले. बेटावर जाती थोड्या, त्यांतल्या कित्येक जगात अन्यत्र कोठेही नसलेल्या, म्हणून त्या गेल्या की गेल्या. सेंट हेलेनाचे रान माणसांनी आणि त्यांनी सोडलेल्या शेळ्यांनी फस्त केल्याचा दाखला त्यांनी दिला.

हिशेबाच्या भाषेत बोलायचे तर हुकर यांच्या याद्या ही आरंभीची शिल्लक आहे. आजची तूट तिच्यावरूनच मोजावी लागते. केरगेलेनवर १८७४ मध्ये ससे सोडले गेले आणि त्यांनी कोबीचा फडशा पाडला. पुढे १९९० नंतर काही छोट्या बेटांवरून ससे हटविले. आता मूळच्या वनस्पती परततील अशी अपेक्षा होती. पण उन्हाळे कोरडे होऊ लागले होते. थंड, ओलसर हवेला सरावलेल्या मूळच्या काही वनस्पती वाळल्या आणि बाहेरून आलेल्या डँडेलियनसारख्या रोपांनी जागा बळकावली. शत्रू गेला, पण घर पूर्वीचे राहिले नाही.

उशीसारखी दाट वाढणारी अझोरेला सेलागो ही वनस्पतीही हुकर यांनीच नामांकित केली. मॅक्वारी बेटावर तिची सख्खी बहीण आहे. २००८ च्या सुमारास ती तेथे मोठ्या प्रमाणावर मरताना आढळली. वाढलेला वारा आणि उन्हाळ्यातली पाण्याची ओढ हे त्याचे मुख्य कारण मानले जाते. सेंट हेलेनाच्या शिखरावरचे रान तर धुक्यावर जगते. धुके वर सरकले तर डोंगरावरून आणखी वर जायला जागा कोठे? मुख्य भूमीवरच्या वनस्पतीचे बी निदान शेजारच्या टेकडीवर तरी रुजेल. येथे चहूकडे समुद्र.

मात्र हुकर यांचे एक काम मला खटकते. उजाड असेन्शन बेटावर ओलावा वाढावा म्हणून झाडे लावण्याची योजना त्यांनीच १८४७ मध्ये आखली. जहाजे भरभरून परदेशी रोपे गेली, डोंगर हिरवा झाला, पण तेथल्या खास नेच्यांवर अतिक्रमण झाले. नामशेष मानलेला एक चिमुकला नेचा २००९ मध्ये पुन्हा सापडला, एवढेच समाधान. बेटांचे दुखणे इतके नेमके जाणणाऱ्यानेच हे करावे, याचे नवल वाटते. तहानलेल्या आरमारी ठाण्याची गरज त्यांना मोठी वाटली असावी.

भारताशी त्यांचा संबंध जुना. १८४८ ते १८५० या काळात ते सिक्कीमच्या हिमालयात हिंडले, तेथे काही आठवडे कैदही भोगली. भारतातील वनस्पतींचा त्यांचा सात खंडांचा ग्रंथ १८७२ ते १८९७ या काळात पुरा झाला. १८६५ पासून वीस वर्षे ते क्यू उद्यानाचे संचालक होते.

तेरड्याचा रंग तीन दिवस, असे आपण म्हणतो. हुकर यांनी म्हातारपणाची शेवटची वर्षे तेरड्याच्या कुळाला दिली आणि अखेरपर्यंत ते त्या वनस्पती तपासत राहिले. १० डिसेंबर १९११ रोजी, वयाच्या ९४ व्या वर्षी, झोपेतच त्यांचे निधन झाले. वेस्टमिन्स्टर ॲबीतील मानाची जागा बाजूला ठेवून क्यू येथे वडिलांशेजारी त्यांचे दफन करण्यात आले.