त्याचे नाव जोसेफ होते

घरात बाळ जन्माला आले की शेजारीपाजारी पहिला प्रश्न विचारतात, बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत ना? ५ ऑगस्ट १८६२ रोजी इंग्लंडमधील लेस्टर शहरात मेरिक कुटुंबात मुलगा झाला, तेव्हा या प्रश्नाचे उत्तर होकारार्थीच होते. बाळ इतर बाळांसारखेच होते. त्याचे नाव ठेवले जोसेफ. पुढे साऱ्या जगाने त्याला ‘एलिफंट मॅन’, म्हणजे ‘हत्ती-माणूस’ या नावाने ओळखले. आज आपण त्याची कथा त्याच्या खऱ्या नावाने ऐकणार आहोत.

जोसेफच्या बालपणीच त्याच्या शरीरात विचित्र बदल होऊ लागले. ओठाजवळ सूज आली, कपाळावर हाडाचा उंचवटा आला, कातडी जाड व खरखरीत होऊ लागली. उजवा हात वाढता वाढता अवजड व निरुपयोगी झाला. डावा हात मात्र अगदी नाजूक आणि देखणा राहिला. पावलेही बेढब झाली. त्यात लहानपणीच तो पडला, कंबरेच्या सांध्याला दुखापत झाली आणि तो कायमचा लंगडा झाला.

असे का झाले? घरच्यांनी एक कारण शोधून काढले. आई मेरी जेन गरोदर असताना जत्रेच्या गर्दीत एका हत्तीपुढे पडली, ती घाबरली आणि त्या भीतीचा परिणाम पोटातल्या बाळावर झाला, अशी त्यांची समजूत होती. खुद्द जोसेफचाही त्यावर अखेरपर्यंत विश्वास होता. आपण त्यांना हसायला नको. ग्रहणात गरोदर बाईने काही चिरले म्हणून बाळाचा ओठ फाटला, असे आपल्याकडेही बोलले जातेच. अशा समजुतींत एक गोष्ट नेहमी सारखी असते. दोष शेवटी आईच्याच पदरात पडतो.

मेरी जेन बॅप्टिस्ट पंथाची श्रद्धाळू स्त्री होती. रविवारच्या शाळेत ती मुलांना शिकवीत असे. तिने आपल्या या लेकराला मायेने वाढवले. पण १८७३ साली न्यूमोनियाने तिचे निधन झाले. जोसेफ तेव्हा जेमतेम दहा वर्षांचा होता. आई जाणे हे आपल्या आयुष्यातील सर्वांत मोठे दुःख, असे तो पुढे सांगत असे. तिचे एक छोटे चित्र त्याने जिवापाड जपले होते.

वडिलांनी दुसरे लग्न केले आणि जोसेफला घर परके झाले. तेराव्या वर्षी शाळा सुटली. सिगार वळण्याच्या कारखान्यात त्याला काम मिळाले, पण उजवा हात इतका जड झाला की तेही सुटले. मग वडिलांनी फेरीवाल्याचा परवाना काढून त्याला दारोदार माल विकायला पाठवले. लोक दार उघडत आणि त्याला पाहून परत लावून घेत. त्याचे बोलणे कोणाला समजत नसे. माल खपला नाही की घरी टोमणे आणि मार. शेवटी तो घर सोडून रस्त्यावर आला. तेव्हा चार्ल्स नावाच्या काकाने, जो साधा न्हावी होता, त्याला शोधून आपल्या घरी ठेवून घेतले. पुढे परवानाही रद्द झाला. काकाच्या संसारावर भार नको म्हणून १८७९ च्या डिसेंबरअखेरीस, वयाच्या सतराव्या वर्षी, जोसेफ वर्कहाऊसमध्ये, म्हणजे त्या काळच्या निराधारगृहात दाखल झाला. तिथे त्याने चारएक वर्षे काढली.

त्या चार भिंतींतून बाहेर पडण्याचा मार्ग त्याने स्वतःच शोधला. लोक नाहीतरी आपल्याकडे टक लावून पाहतातच, मग पाहण्याचे पैसे का घेऊ नयेत, असा विचार करून त्याने एका खेळवाल्याशी पत्रव्यवहार केला. १८८४ साली तो वर्कहाऊसमधून बाहेर पडला आणि त्याच वर्षी लंडनच्या व्हाइटचॅपल रस्त्यावरील एका दुकानात टॉम नॉर्मन या माणसाने त्याचे प्रदर्शन मांडले. हे ऐकून आपले मन दुखते. पण एवढे लक्षात ठेवू या की या कमाईतून जोसेफने ५० पौंड शिल्लक टाकले होते, आणि त्या काळी ती लहानसहान रक्कम नव्हती.

दुकानासमोरच लंडन हॉस्पिटल होते. तिथले शल्यविशारद डॉ. फ्रेडरिक ट्रीव्हज त्याला पाहायला आले. त्यांनी त्याला तपासले, मापे घेतली. डोक्याचा घेर ३६ इंच, उजवे मनगट १२ इंच. २ डिसेंबर १८८४ रोजी त्यांनी त्याला डॉक्टरांच्या सभेपुढे उभे केले. रोगाचे निदान कोणालाच झाले नाही. ट्रीव्हज यांनी त्याला आपले कार्ड दिले होते. जोसेफने ते खिशात ठेवले.

१८८५ पर्यंत पोलिसांनी असे खेळ बंद पाडायला सुरुवात केली होती. जोसेफला युरोपात नेण्यात आले. तिथे ब्रुसेल्स शहरात त्याच्या नव्या मालकाने त्याचे सगळे पैसे लुबाडले आणि त्याला वाऱ्यावर सोडले. कसाबसा प्रवास करून २४ जून १८८६ रोजी तो लंडनच्या लिव्हरपूल स्ट्रीट स्थानकावर उतरला. लोकांचा घोळका जमला. त्याचे बोलणे कोणालाच कळेना. पोलिसांना त्याच्याजवळ ट्रीव्हज यांचे कार्ड सापडले, त्यांनी डॉक्टरांना बोलावले आणि डॉक्टर त्याला इस्पितळात घेऊन गेले.

इस्पितळाचा नियम असा की बरा न होणारा रोगी कायमचा ठेवायचा नाही. अशा रोग्यांना सांभाळणाऱ्या संस्थांनीही नकार दिला. तेव्हा इस्पितळ समितीचे अध्यक्ष फ्रान्सिस कार गॉम यांनी ‘द टाइम्स’ या वृत्तपत्राला पत्र लिहून जनतेकडे मदत मागितली. ते ४ डिसेंबर १८८६ च्या अंकात छापून आले. इतकी मदत जमली की जोसेफच्या उरलेल्या आयुष्याची सोय झाली. त्याला इस्पितळाच्या तळघरात स्वतःच्या खोल्या मिळाल्या. त्यांत आरसा मात्र मुद्दाम लावला नव्हता.

इथून पुढचा भाग आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. त्याचा आजार कोणीच बरा करू शकले नाही, उलट तो वाढतच गेला. पण माणसे बदलली आणि जोसेफचे जगणे बदलले. लीला मॅट्युरिन नावाची एक तरुण विधवा डॉक्टरांच्या विनंतीवरून त्याला भेटायला आली. तिने हसून त्याच्याशी हस्तांदोलन केले. जोसेफ ढसाढसा रडला. कोणा स्त्रीने आपल्याकडे पाहून हसावे, आपला हात हातात घ्यावा, याची त्याला सवयच नव्हती. १८८७ च्या मे महिन्यात राजघराण्यातील प्रिन्सेस अलेक्झांड्रा त्याला भेटून गेल्या आणि पुढे दर नाताळला शुभेच्छापत्र पाठवू लागल्या. मॅज केंडल या अभिनेत्रीने त्याला टोपल्या विणायला शिकवण्याची व्यवस्था केली. एकट्या डाव्या हाताच्या कौशल्यावर त्याने पुठ्ठ्याचे एक सुबक चर्च तयार केले आणि ते तिला भेट दिले. ते आजवर जपून ठेवण्यात आले आहे. उन्हाळ्यात तो एका खेड्यातील जमीनदाराच्या मळ्यावर राहायला जाई, रानफुले गोळा करी आणि ती पत्रातून डॉक्टरांना पाठवी.

जोसेफ श्रद्धावान होता. अँग्लिकन बिशप वॉल्शम हाऊ यांनी त्याला दृढीकरण दिले. ६ एप्रिल १८९० रोजी ईस्टरच्या दिवशी तो इस्पितळाच्या चॅपलमध्ये उपासनेला हजर राहिला व त्याने कम्युनियन घेतले. पाचच दिवसांनी, ११ एप्रिल रोजी, तो खाटेवर मृतावस्थेत आढळला. वय अवघे २७ वर्षे. डोके इतके जड की तो नेहमी बसून, गुडघ्यांवर डोके टेकवून झोपत असे. त्या दिवशी त्याने इतरांसारखे आडवे होऊन झोपण्याचा प्रयत्न केला असावा, असे डॉ. ट्रीव्हज यांचे मत पडले.

ट्रीव्हज यांचे उपकार मोठे, पण १९२३ साली प्रसिद्ध झालेल्या आठवणींत त्यांनी जोसेफचे नाव ‘जॉन’ असे लिहिले आणि त्याच्या आईने त्याला टाकून दिले असा ठपकाही ठेवला. पुढे संशोधकांनी जुनी कागदपत्रे तपासली तेव्हा त्या माऊलीवरचा हा कलंक पुसला गेला.

हत्तीच्या भीतीचा ठपकाही आता उरलेला नाही. १९७९ साली डॉक्टरांनी एका अतिदुर्मिळ आजाराचे वर्णन केले. १९८३ साली, रूपे पालटणाऱ्या एका ग्रीक देवाच्या नावावरून त्याला ‘प्रोटियस सिंड्रोम’ हे नाव मिळाले. जोसेफला हाच आजार असावा, असे मत १९८६ साली दोन कॅनेडियन संशोधकांनी मांडले आणि ते आज बहुतेकांना पटते, जरी त्याच्या हाडांच्या तपासणीतून पक्का पुरावा मिळालेला नाही. दहा लाखांत एखाद्यालाही क्वचितच होणाऱ्या या आजाराचे मूळ २०११ साली सापडले. गर्भधारणेनंतर वाढत्या गर्भातील एखाद्याच पेशीत, एकेटी-१ नावाच्या जनुकात, एक सूक्ष्म चूक होते. त्या पेशीपासून तयार होणारे भाग बेसुमार वाढतात, बाकीचे निरोगी राहतात. म्हणूनच एक हात अवजड आणि दुसरा नाजूक. हा दोष आईबापांकडून येत नाही. कोणाची भीती, कोणाचे ग्रहण, कोणाचे पाप याच्याशी त्याचा काडीचाही संबंध नाही.

जोसेफचा सांगाडा अभ्यासासाठी म्हणून लंडनमध्ये ठेवण्यात आला, तो आजही तिथेच आहे. शरीराचा उरलेला भाग लंडनच्या एका दफनभूमीत पुरला होता, ती जागा २०१९ साली एका अभ्यासक लेखिकेने शोधून काढली. सांगाड्यालाही मूठमाती मिळावी, अशी मागणी काही लोक करत आहेत. आम्हालाही ती रास्त वाटते.

आपल्या धर्मग्रामातही एखाद्या घरात वेगळ्या शरीराचे वा वेगळ्या चेहऱ्याचे मूल असू शकते. लोक काय म्हणतील या भीतीने आईवडील त्याला मिस्साला आणत नसतील. त्यांच्या दारी आपण जाऊ या. आईला कारणे विचारायला नको. मुलाला नाव विचारू या, त्याचा हात हातात घेऊ या, आणि पुढच्या रविवारी आपल्या बाकावर त्याच्यासाठी जागा ठेवू या.