कार्देनासांनी बांधलेली गाठ

चळवळी दडपणारे सत्ताधीश इतिहासाने पुष्कळ पाहिले. परंतु चळवळींना भरभरून देऊन त्यांना पक्षाच्या दावणीस बांधणारा, आणि तेही निर्मळ हेतूने, असा पुरुष विरळा. मेक्सिकोचे अध्यक्ष लाझारो कार्देनास हे असे पुरुष होते. सत्तारूढ पक्ष व लोकचळवळी यांच्या नात्याचा विचार करणाऱ्याने त्यांचे चरित्र अवश्य अभ्यासावे, असे आम्हांस वाटते.

मिचोआकान प्रांतातील हिकिल्पान गावी १८९५ साली त्यांचा जन्म झाला. वडील अकाली वारले. छापखान्यात राबणारा हा मुलगा १९१३ मध्ये क्रांतिसेनेत शिरला आणि पंचविशीत सेनापती झाला. १९३४ मध्ये ते अध्यक्षपदी आले, तेव्हा खरी सूत्रे होती ती १९२९ मध्ये सत्तारूढ पक्ष स्थापन करणाऱ्या प्लुतार्को कायेस यांच्या हाती. कायेस संपांवर आग पाखडीत. कार्देनासांनी संपकऱ्यांची बाजू घेतली, आणि एप्रिल १९३६ मध्ये कायेसना विमानात बसवून देशाबाहेर धाडले. सुमारे १ कोटी ८० लाख हेक्टर जमीन त्यांनी शेतकऱ्यांस वाटली. (आपल्या वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे याच देशात चापिंगोच्या कृषिविद्यालयात अध्यापन करीत असत.) १८ मार्च १९३८ रोजी त्यांनी परकीय तेल कंपन्या राष्ट्राच्या मालकीच्या केल्या.

गाठ बांधली गेली ती त्याच महिन्याच्या अखेरीस. पक्षाची नवी रचना झाली आणि कामगार, शेतकरी, नोकरदारादी मध्यमवर्ग व लष्कर असे त्याचे चार विभाग पडले. जो संघटनेचा सभासद, तो आपोआप पक्षाचा सभासद! कामगारांच्या महासंघास कार्देनासांनी शेतकऱ्यांत वा सरकारी नोकरांत हातपाय पसरू दिले नाहीत. यात शेतकऱ्यांचे हित होते, हे समर्थन आम्हांस पटत नाही. कामगार व शेतकरी एक झाले असते, तर पक्षास त्यांच्या दारी जावे लागले असते. ते वेगळे राहिले आणि दोघेही पक्षाच्या दारी उभे राहिले. जमीन सरकारची, कर्ज सरकारी पेढीचे. मग मत कोणाचे?

१९४० मध्ये मुदत संपताच कार्देनास निर्लोभपणे पायउतार झाले. दावे मात्र वारसांच्या हाती राहिले. १९५९ मध्ये रेल्वे कामगारांचा संप लष्कराने मोडला. त्यांचे नेते देमेत्रिओ वायेहो ११ वर्षे तुरुंगात होते. १९६२ मध्ये शेतकरी नेते रुबेन हारामियो यांची सपत्नीक व मुलांसह हत्या झाली. २ ऑक्टोबर १९६८ रोजी त्लातेलोल्को चौकात विद्यार्थ्यांवर गोळ्या चालल्या. वृद्ध कार्देनासांनी १९६१ मध्ये पक्षाबाहेरील डाव्या आघाडीस पाठबळ दिले होते खरे, परंतु पक्ष त्यांनी सोडला नाही. ते धैर्य १९८७ मध्ये त्यांचे पुत्र क्वाउतेमोक यांनी दाखविले. तरीही अध्यक्षपद त्या पक्षाच्या हातून गेले ते २००० साली.

कायेस १९४५ मध्ये, कार्देनास १९७० मध्ये वारले. तारीख एकच, १९ ऑक्टोबर. मेक्सिको शहरातील क्रांतिस्मारकाच्या खांबांत दोघांचेही अवशेष पक्षाच्या राजवटीने सन्मानपूर्वक ठेवले.