शंतनुराव किर्लोस्कर : परदेशी विद्या, स्वदेशी कर्म

अभियांत्रिकीचे निदान अखेरचे वर्ष तरी परदेशात पूर्ण करावे, अशी आकांक्षा आज अनेक विद्यार्थी शालेय वयापासूनच बाळगतात. आकांक्षा उत्तमच आहे. परंतु तेथून मिळविलेली विद्या कोणाच्या उपयोगी पडणार, हा प्रश्न प्रवासाच्या तयारीत बहुधा मागे राहतो. शंतनुराव लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचे जीवन म्हणजे या प्रश्नाचे कृतीतून दिलेले उत्तर होय.

२८ मे १९०३ रोजी सोलापूर येथे त्यांचा जन्म झाला. वडील लक्ष्मणराव हे मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रशिक्षण संस्थेत अध्यापन करीत. न्याय्य बढती नाकारली गेल्यावर त्यांनी ती नोकरी सोडली आणि बेळगावात कडबा कापण्याची यंत्रे व लोखंडी नांगर घडविण्यास आरंभ केला. लोखंडाने जमीन नासते, या समजुतीने शेतकरी त्या नांगराला शिवेनात. पुढे औंधच्या राजेसाहेबांनी दिलेल्या निवडुंगाने भरलेल्या माळावर १९१० साली किर्लोस्करवाडी वसली. कारखान्याचे भोंगे आणि भट्टीची धग यांच्या सान्निध्यात शंतनुराव वाढले.

१९२२ साली ते सागरमार्गे अमेरिकेस गेले आणि केंब्रिज येथील मॅसॅच्युसेट्स तंत्रशास्त्र संस्थेत यंत्र अभियांत्रिकीचे विद्यार्थी झाले. भाषा परकी, हवामान कडाक्याचे आणि घरचे पत्र हाती पडण्यास कित्येक आठवडे लागत. अशा स्थितीत त्यांनी चार वर्षांचा कठोर अभ्यासक्रम पूर्ण करून १९२६ साली पदवी संपादन केली.

खरी कसोटी पदवीनंतर होती. जगातील अग्रगण्य संस्थेचा हा पदवीधर परतला तो एका लहानशा वाडीतील कारखान्यात. प्रयोगशाळेत शिकलेली अचूकता तेथील कारागिरांच्या हाती उतरवायची होती आणि यंत्र शेतकऱ्याला परवडेल अशा किमतीत घडवायचे होते. हे काम त्यांनी वर्षानुवर्षे निष्ठेने केले. १९४६ साली पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी स्थापन झाली. आपल्या जयपूरच्या परिसरातील विहिरींवर एकेकाळी जो डिझेल इंजिनांचा धडधडाट ऐकू येई, त्यात या उद्योगाचाही वाटा होता.

संकटेही थोडी नव्हती. १९४८ साली गांधीहत्येनंतर उसळलेल्या क्षोभात किर्लोस्करवाडीचा कारखाना जाळण्यात आला. आयुष्यभराचे श्रम डोळ्यांदेखत राख झाले, तरी किर्लोस्कर कुटुंबीयांनी व कामगारांनी तो पुन्हा उभा केला. इमारती जळतात, हाती असलेली विद्या जळत नाही, याचा याहून बोलका पुरावा कोणता?

पुढे किर्लोस्करांची इंजिने परदेशांतही जाऊ लागली. परकीयांकडून शिकून आलेल्या देशाने परकीयांस यंत्रे विकावीत, यातच त्या चार वर्षांचे सार्थक होते. १९६५ साली त्यांना पद्मभूषण हा सन्मान लाभला आणि २४ एप्रिल १९९४ रोजी पुणे येथे त्यांचे निधन झाले.

विद्यार्थ्यांनो, आपल्या शाळेच्या अंगणातून उद्या तुमच्यापैकी कोणी सातासमुद्रापार जाईल. अवश्य जावे. कोठेही राहा, परंतु शिकलेल्या विद्येचा एक तरी धागा या मातीशी जोडलेला ठेवा. शंतनुरावांच्या चरित्राचे आपल्याकडे एवढेच मागणे आहे.