दादासाहेब फाळके: येशूच्या जीवनावरचा एक मूकपट पाहिला आणि भारतीय सिनेमा सुरू झाला

डिसेंबर आला की नाताळात कोणते सिनेमे पाहायचे, याच्या याद्या सगळीकडे फिरू लागतात. ‘होम अलोन’सारखी नावं त्यात दरवर्षी ठरलेलीच. पण सणाला सिनेमा पाहण्याची मुंबईतली एक गोष्ट शंभर वर्षांहून जुनी आहे. गिरगावातल्या अमेरिका इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये चाळिशीच्या एका मराठी माणसाने येशू ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहिला आणि पुढचं सगळं आयुष्य पणाला लावलं. त्यांचं नाव धुंडिराज गोविंद फाळके. आपण त्यांना दादासाहेब फाळके म्हणून ओळखतो.

नाताळ की ईस्टर?

ही घटना नेमकी कधी घडली, याबद्दल दोन कथा आहेत. एका कथेनुसार तो १९१० सालचा नाताळ होता. दुसऱ्या कथेनुसार १९११ सालचा एप्रिल महिना, म्हणजे ईस्टरचे दिवस. या दुसऱ्या कथेत फाळके आधी थोरला मुलगा भालचंद्र याला घेऊन प्राण्यांवरचा एक चित्रपट पाहायला गेले होते. पडद्यावर प्राणी हलताना दिसले, यावर घरी कोणाचाच विश्वास बसेना. म्हणून दुसऱ्या दिवशी ते सगळ्यांना घेऊन गेले, तर सणानिमित्त येशूचा चित्रपट लागलेला.

हा चित्रपट म्हणजे फ्रान्सच्या दिग्दर्शिका अ‍ॅलिस गी यांचा १९०६ सालचा ‘द लाइफ ऑफ ख्राइस्ट’ असावा, असं बरेच अभ्यासक मानतात. लांबी साधारण अर्धा तास, एकूण २५ प्रसंग. जन्मापासून क्रूसापर्यंतची कथा एकेका देखाव्यातून उलगडत जाते.

सण कोणताही असो, फाळक्यांच्या मनात आलेला विचार दोन्ही कथांमध्ये एकच आहे. येशू पडद्यावर चालताना दिसतो, तर राम आणि कृष्ण का दिसू नयेत?

हा विचार त्यांनाच का सुचला?

त्या काळी मुंबईत हजारो लोक चित्रपट पाहत होते. पण फाळके त्या दिवसापर्यंत जे जे शिकले होते, ते सगळं जणू याच कामाची तयारी होती.

त्यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरला झाला. वडील संस्कृतचे पंडित, त्यामुळे पुराणकथा घरातच कानावर पडल्या. पुढे मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत आणि बडोद्याच्या कलाभवनात त्यांनी चित्रकला, छायाचित्रण आणि छपाईचं तंत्र शिकून घेतलं. गोध्र्याला त्यांनी फोटो स्टुडिओ टाकला. तिथे प्लेगमध्ये पहिली पत्नी आणि मूल गेलं. १९०२ मध्ये त्यांनी दुसरं लग्न केलं. या पत्नी म्हणजे सरस्वतीबाई.

पुरातत्त्व खात्यातली नोकरी त्यांनी स्वदेशीच्या चळवळीच्या दिवसांत सोडली आणि छपाईच्या धंद्यात उतरले. राजा रविवर्मांच्या छापखान्यासाठीही त्यांनी काम केलं. रविवर्म्यांच्या रंगीत चित्रांमुळे देवांच्या तसबिरी सामान्य माणसाच्या घरातल्या भिंतीवर आल्या होत्या. १९०९ मध्ये फाळके छपाईची यंत्रं आणायला जर्मनीलाही जाऊन आले. पण भागीदारांशी पटेना, म्हणून त्या धंद्यातूनही ते बाहेर पडले.

म्हणजे गिरगावातल्या त्या खेळाला बसलेला माणूस बेकार होता, पदरी मुलंबाळं होती, आणि देवाचं चित्र घरोघर कसं पोहोचतं हे त्याने छापखान्यात पाहिलेलं होतं. भिंतीवरची तसबीर पडद्यावर हलली तर काय होईल, हे त्याला लगेच कळलं.

डोळे, विमा आणि दागिने

यानंतर फाळक्यांनी मिळेल तो चित्रपट पाहण्याचा सपाटा लावला. दिवसा अभ्यास, रात्री खेळ, झोप जवळजवळ नाहीच. डोळ्यांवर इतका ताण आला की काही काळ त्यांची दृष्टी गेली. उपचारांनी ती परत आली, आणि त्यांनी पुन्हा तेच काम सुरू केलं.

पैशांसाठी विम्याच्या पॉलिसी गहाण पडल्या. फेब्रुवारी १९१२ मध्ये ते लंडनला गेले. तिथल्या ‘बायोस्कोप’ या साप्ताहिकाच्या संपादकांनी आणि चित्रपट निर्माते सेसिल हेपवर्थ यांनी त्यांना मदत केली. विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेऊन ते परतले.

भांडवल देणाऱ्यांना खात्री पटावी म्हणून त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि रोपाची थोडी थोडी वाढ रोज टिपली. पडद्यावर काही क्षणांत बीचं रोप झालेलं दिसलं आणि कर्ज मिळालं. तरीही सरस्वतीबाईंचे दागिने विकावेच लागले.

सरस्वतीबाईंचा वाटा दागिन्यांपुरता नव्हता. फिल्मच्या कडांना भोकं पाडणं, ती रसायनांत धुणं ही कामं त्या शिकल्या. दिवसभर चित्रीकरणाला असलेल्या सगळ्या मंडळींचा स्वयंपाकही त्यांच्याकडेच होता.

तारामतीच्या भूमिकेसाठी एकही स्त्री तयार होईना. शेवटी उपाहारगृहात काम करणाऱ्या अण्णा साळुंके यांनी ती भूमिका केली. ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी गिरगावातल्या कोरोनेशन थिएटरात प्रदर्शित झाला.

पहिले कोण, फाळके की तोरणे?

रत्नागिरीकरांना हा प्रश्न जवळचा वाटेल. याच कोरोनेशनमध्ये वर्षभर आधी, १८ मे १९१२ रोजी, ‘श्री पुंडलिक’ लागला होता. तो तयार करणारे रामचंद्र गोपाळ ऊर्फ दादासाहेब तोरणे मालवण भागातले. मालवण तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यात होतं, सिंधुदुर्ग हा वेगळा जिल्हा १९८१ मध्ये झाला.

‘पुंडलिक’ हे मुळात नाटक. त्याचं चित्रण करणारा कॅमेरामन इंग्रज होता आणि फिल्मवरची प्रक्रिया लंडनमध्ये झाली. ‘राजा हरिश्चंद्र’चं सगळं काम मात्र इथेच, इथल्या माणसांनी केलं. म्हणून बहुतेक इतिहासकार पहिल्या भारतीय कथापटाचा मान फाळक्यांना देतात. तरी तोरण्यांचं नाव घेतल्याशिवाय ही गोष्ट पूर्ण होत नाही.

पुढे काय झालं?

१९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये साळुंके यांनी राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या. तो चित्रपट तुफान चालला. रत्नागिरीत जन्मलेल्या लोकमान्य टिळकांनीही फाळक्यांच्या कामात रस घेतला. १९१९ च्या ‘कालिया मर्दन’मध्ये फाळक्यांची लहानगी मुलगी मंदाकिनी कृष्ण झाली. गिरगावात मनात आलेला कृष्ण त्यांच्याच घरातून पडद्यावर आला.

पण कंपनीतल्या भागीदारांशी पुन्हा बिनसलं. फाळके काही काळ काशीला जाऊन राहिले, मग परत आले. बोलपट आल्यावर मूकपटांचे दिवस संपले. १९३७ चा ‘गंगावतरण’ हा त्यांचा शेवटचा चित्रपट. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकला त्यांचं निधन झालं, तेव्हा हाताशी फारसं काही उरलं नव्हतं. त्यांच्या नावाचा पुरस्कार सुरू झाला तो १९६९ मध्ये, म्हणजे पंचवीस वर्षांनी.

या नाताळात काय पाहाल?

अ‍ॅलिस गी यांचा येशूपट आजही पाहायला मिळतो. ‘राजा हरिश्चंद्र’चा काही भागच उरला आहे, ‘कालिया मर्दन’ मात्र बराचसा शिल्लक आहे. आधी येशूपट आणि मग ‘कालिया मर्दन’ असे लागोपाठ पाहिले, तर फाळक्यांनी काय घेतलं आणि त्याचं काय केलं, हे तासा-दीड तासात कळतं. घरातल्या मुलांना ही सगळी धडपड हसतखेळत दाखवायची असेल, तर परेश मोकाशी यांचा २००९ सालचा ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ आहेच. त्यात नंदू माधव फाळक्यांच्या आणि विभावरी देशपांडे सरस्वतीबाईंच्या भूमिकेत आहेत.