प्लेगशी झुंज

मुलांनो, तुम्ही कोलाडसारख्या गावात राहत असा किंवा मुंबईसारख्या शहरात, लहानपणी तुम्हांला लस टोचलेली असणारच. पूर्वी मात्र लोक लशीला फार घाबरत. ही भीती घालवण्यासाठी एका शास्त्रज्ञाने आधी स्वतःचा जीव धोक्यात घातला. त्यांचे नाव वाल्डेमार हाफकिन.

हाफकिन यांचा जन्म १८६० साली ओडेसा शहरात एका ज्यू कुटुंबात झाला. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत त्यांनी पटकीवर लस तयार केली. १८९३ मध्ये ते भारतात आले.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेगची साथ आली. माणसांच्या काखेत, जांघेत गाठी येत आणि थोड्याच दिवसांत ती दगावत. लोक घरेदारे सोडून पळू लागले. तेव्हा सरकारने हाफकिन यांना मुंबईला बोलावले. ग्रँट मेडिकल कॉलेजात लहानशी जागा, एक कारकून आणि तीन शिपाई, एवढेच त्यांना मिळाले. तरी रात्रंदिवस खपून तीन महिन्यांत त्यांनी लस बनवली. ती कशी, ते पाहा. मांसाच्या रश्शात तुपाचे थेंब टाकून त्यांनी प्लेगचे जंतू वाढवले आणि मग उष्णतेने मारले. मेलेल्या जंतूंमुळे प्लेग होत नाही. पण शरीर त्याच्याशी लढायला शिकते.

१० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी ही लस प्रथम स्वतःला टोचून घेतली. ताप आला, अंग दुखले. पण ते बरे झाले. नंतर भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. सुमारे दीडशे कैदी लस घ्यायला तयार झाले. त्यांच्यापैकी दोघेच आजारी पडले आणि दोघेही वाचले. लस न घेतलेल्यांपैकी बारा जण आजारी पडले. त्यांतले सहा दगावले. सर सुलतान मुहम्मद शाह आगाखान यांनीही आपल्या अनुयायांसमोर लस टोचून घेतली. आपल्याच रायगड जिल्ह्यातील उरणजवळच्या मोरा गावातही लोकांनी ती घेतली.

पण १९०२ मध्ये पंजाबातील मुलकोवाल गावी लस घेतलेली १९ माणसे धनुर्वाताने मरण पावली. दोष हाफकिन यांच्यावर आला. त्यांना पदावरून दूर केले गेले. ती सर्व माणसे एकाच बाटलीतील लस घेतलेली होती. प्रयोगशाळेची चूक सिद्ध होत नाही, हे रोनाल्ड रॉस यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी दाखवून दिले. अखेर १९०७ मध्ये ते निर्दोष ठरले आणि पुन्हा भारतात कामाला आले. १९३० मध्ये त्यांचे निधन झाले. परळची हाफकिन संस्था १९२५ पासून त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

मुलांनो, २०२० मध्ये कोरोनाच्या नव्या विषाणूवरील लशींची पारखही अशीच झाली. लस घेतलेले आणि न घेतलेले यांची तुलना करूनच खरे काय ते ठरवले गेले. औषधाबद्दल कोणी काही सांगितले, तर तुम्हीही आधी पुरावा विचारा.