बिशप लास कासास यांची कबुली



पापनिवेदनाला येताना आपण बहुधा ठरलेल्या चुका घेऊन येतो. राग आला, खोटे बोललो, रविवारची मिस्सा चुकली. पण ज्या गोष्टी आपल्याला चूक वाटतच नाहीत, त्यांचे काय? या आठवड्यात अशा एका बिशपांची ओळख करून घेऊ या, ज्यांना हा प्रश्न आयुष्यात दोनदा भेटला.

बार्तोलोमे दे लास कासास यांचा जन्म १४८४ साली स्पेनमधील सेव्हिल शहरात झाला. त्यांचे वडील कोलंबसच्या दुसऱ्या सफरीत गेले होते. १५०२ साली बार्तोलोमेही वडिलांबरोबर हिस्पानिओला बेटावर पोहोचले. आज तेथे हैती व डोमिनिकन प्रजासत्ताक हे दोन देश आहेत. त्या काळी तेथे 'एन्कोमिएंदा' नावाची पद्धत होती. स्पॅनिश वसाहतवाल्याला काही स्थानिक आदिवासी सोपवले जात. त्याने त्यांना ख्रिस्ती धर्म शिकवायचा आणि त्यांनी त्याच्या शेतात व सोन्याच्या खाणीत राबायचे. कागदावर धर्मशिक्षण, प्रत्यक्षात वेठबिगारी! लास कासास यांच्या वाट्यालाही असे लोक आले. पुढे ते धर्मगुरू झाले, तरी त्यांनी ते सोडले नाहीत.

१५११ साली आगमन काळातील एका रविवारी फादर अंतोनियो दे मोंतेसिनोस या डोमिनिकन संन्याशाने सांतो दोमिंगो येथे प्रवचनात वसाहतवाल्यांना धारेवर धरले. आदिवासींना आत्मा नाही काय, त्यांच्यावर प्रेम करणे तुमचे कर्तव्य नाही काय, असा त्या प्रवचनाचा रोख होता. बेटावर खळबळ उडाली. लास कासास मात्र बदलले नाहीत. त्याच सुमारास ते एका डोमिनिकन फादरांकडे पापनिवेदनाला गेले असता, आदिवासींना बाळगून असल्यामुळे त्यांना पापक्षमा नाकारण्यात आली. त्यांनी वाद घातला, पण आदिवासींना मोकळे केले नाही. १५१३ साली क्युबाच्या मोहिमेत सैन्याबरोबर असताना काओनाओ गावात निःशस्त्र माणसांची कत्तल त्यांनी डोळ्यांनी पाहिली. ते कळवळले. तरीही त्यानंतर क्युबात मिळालेली जमीन आणि माणसे त्यांनी घेतलीच. वाईट दृश्य पाहिले की माणूस लगेच बदलतो असे आपण समजतो. तसे होत नाही.

बदल घडला तो १५१४ साली, पेंटेकॉस्टच्या प्रवचनाची तयारी करताना. बेनसिराच्या ग्रंथातील ३४ वा अध्याय त्यांच्यासमोर होता. गरिबांच्या तोंडचा घास काढून केलेले अर्पण देवाला मान्य नाही, असा त्याचा आशय आहे. आपण वेदीवर जे अर्पण करतो ते कोणाच्या घामाचे, हा विचार त्यांना काही दिवस सोडेना. शेवटी त्यांनी आपल्याकडचे आदिवासी परत केले आणि १५ ऑगस्टला, मरियामातेच्या स्वर्गोन्नयनाच्या सणादिवशी, सर्वांसमोर तसे जाहीर केले.

गोष्ट येथे संपली असती तर ती एका पश्चात्तापाची साधी कथा झाली असती. पण खरी अवघड चूक पुढे आहे.

आदिवासींना वाचवायचे तर वसाहतींना मजूर कोठून आणायचे? १५१६ साली राजदरबाराला सादर केलेल्या योजनेत त्यांनी उपाय सुचवला, बाहेरून गुलाम आणावेत. पुढेही ते आफ्रिकी गुलाम आणण्याच्या परवानग्या मागत राहिले. हा व्यापार त्यांनी सुरू केला नाही. आफ्रिकी गुलाम त्याआधीच त्या बेटांवर होते. पण त्यांच्या शब्दाने त्याला बळ मिळाले. १५१८ साली राजाने एका दरबाऱ्याला ४,००० गुलाम नेण्याचा परवाना दिला आणि तो परवाना पुढे व्यापाऱ्यांना विकला गेला. एकाचे अश्रू पुसण्यासाठी दुसऱ्याला रडवायचे, आणि तेही चांगल्या हेतूने!

१५२२ च्या सुमारास, व्हेनेझुएलाच्या किनाऱ्यावरील कुमाना येथील त्यांची शांततामय वसाहतीची योजना धुळीला मिळाल्यावर, ते डोमिनिकन संघात दाखल झाले. मग अनेक वर्षे अभ्यास केला. १५४२ चे आदिवासींच्या संरक्षणाचे नवे कायदे, १५४४ साली चियापासच्या बिशपपदी दीक्षा, १५५०-५१ मध्ये वायादोलिद येथे सेपुल्वेदा या विद्वानाशी झालेला प्रसिद्ध वाद, हे सर्व पुष्कळांना ठाऊक आहे. चियापासमध्ये त्यांनी काय केले ते मात्र सांगायलाच हवे. आदिवासींना मोकळे करून नुकसान भरून देत नाही तोवर वसाहतवाल्यांना पापक्षमा देऊ नये, असा त्यांनी आदेश काढला. स्वतःला नाकारली गेलेली पापक्षमा ते विसरले नव्हते. लोक इतके खवळले की त्यांना तेथे फार काळ राहता आले नाही.

१५४७ साली ते स्पेनला कायमचे परतले. पोर्तुगीज इतिहासकारांचे ग्रंथ वाचताना त्यांना उमगले की आफ्रिकेतील माणसे न्याय्य युद्धात नव्हे, तर छापे घालून पकडली जात होती. 'इंडीजचा इतिहास' या आपल्या ग्रंथात त्यांनी आपल्या जुन्या सल्ल्याची नोंद केली. आफ्रिकी लोकांची गुलामगिरी आदिवासींच्या गुलामगिरीइतकीच अन्यायाची आहे, असे लिहिले. आपले अज्ञान आणि चांगला हेतू देवाच्या न्यायासनापुढे आपल्याला वाचवतील याची खात्री नाही, हेही लिहिले. नीतिशास्त्रात टाळता येणारे आणि न टाळता येणारे अज्ञान असा भेद शिकवतात. लास कासास यांना या भेदाचा आधार घेता आला असता. त्यांनी तो घेतला नाही, ही त्यांची मोठी गोष्ट वाटते.

आपल्या ख्रिस्तसभेलाही ही वाट उशिराच सापडली. १२ मार्च २००० रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी ख्रिस्तसभेच्या लेकरांच्या पापांबद्दल जाहीर क्षमायाचना केली. परक्या भूमीवर हक्क सांगायला १५ व्या शतकातील ज्या पोपपत्रांचा आधार घेतला गेला, त्यांत आदिवासींची समान प्रतिष्ठा पुरेशी जपली गेली नाही, हे व्हॅटिकनने ३० मार्च २०२३ रोजी मान्य केले. त्यांपैकी १४५५ चे पत्र पोर्तुगालच्या राजाला दिलेले होते. म्हणजे वसई-गोव्याच्या जुन्या पाद्रोआदो इतिहासाशीही त्याचा संबंध पोहोचतो.

लास कासास १५६६ च्या जुलैमध्ये माद्रिद येथे वारले. ग्रंथ ४० वर्षे छापू नये, असे त्यांनी बजावून ठेवले होते. प्रत्यक्षात तो १८७५ साली छापला गेला. तोवर त्यांची कबुली हस्तलिखितातच राहिली. ज्या क्युबात त्यांनी आपली माणसे परत केली होती, तेथे गुलामगिरी १८८६ साली संपली.