पेपर विकणारा चांद्याचा पोरगा मुख्यमंत्री झाला : कन्नमवार आणि सरकारी गाडीचा हिशेब

नेत्यांच्या गाड्यांची बातमी आली की सोशल मीडियावर दोन गट पडतात. एक गट म्हणतो, एवढ्या महागड्या गाड्या आमच्या टॅक्सच्या पैशातून कशाला? दुसरा म्हणतो, काम करायचं तर फिरावं लागतं आणि फिरायचं तर गाडी लागतेच.

दोन्ही बाजू समजून घ्यायच्या तर जुन्या चांदा जिल्ह्यातल्या एका माणसाची गोष्ट बघावी लागते. लहानपणी त्यानं पेपर विकले, नंतर रस्ते आणि दळणवळणाचं खातं सांभाळलं आणि शेवटी तो राज्याचा मुख्यमंत्री झाला. मारोतराव सांबशिव कन्नमवार, म्हणजेच दादासाहेब कन्नमवार.

चांदा जिल्हा म्हणजे केवढा?

कन्नमवारांचा जन्म १० जानेवारी १९०० चा. घरची परिस्थिती बेताचीच होती. शिकता शिकता पेपर विकून त्यांनी चार पैसे मिळवले.

तेव्हाचा चांदा जिल्हा म्हणजे आजचे चंद्रपूर आणि गडचिरोली हे दोन्ही जिल्हे मिळून. गडचिरोली वेगळा झाला तो थेट २६ ऑगस्ट १९८२ ला. उत्तरेला वडसा, दक्षिणेला पार प्राणहिताकाठचं सिरोंचा आणि मध्ये जंगल, नद्या, नाले. नुसतं चांद्याहून सिरोंच्याला जायचं तरी आजच्या रस्त्यानं साधारण दोनशे किलोमीटर पडतात.

गोंदियाहून वडसा, नागभीडमार्गे चांद्याकडे छोटी रेल्वे यायची. ही नॅरोगेज लाइन होती आणि ती ब्रॉडगेज व्हायला १९९० चं दशक उजाडलं. रुळापासून दूर असलेल्या गावांसाठी बैलगाडी होती, नाहीतर पाय. पावसाळ्यात वैनगंगा फुगली की अलीकडचे अलीकडे, पलीकडचे पलीकडे.

अशा भागात कन्नमवारांनी काँग्रेसचं काम उभं केलं. स्वातंत्र्यलढ्यात ते तुरुंगातही गेले. जिल्ह्यात संघटना बांधत ते पुढे प्रांतिक काँग्रेसच्या नेतृत्वापर्यंत पोहोचले.

मंत्र्यांना ५०० रुपये पगार

कन्नमवार कार्यकर्ते म्हणून घडत होते त्याच काळात काँग्रेसमध्ये एक मोठा प्रश्न चर्चेत होता. आपली माणसं सत्तेत गेली तर त्यांनी किती घ्यायचं?

इंग्रज अधिकाऱ्यांचे पगार आणि थाट लोक बघत होते. म्हणून १९३१ च्या कराची अधिवेशनात काँग्रेसनं ठरवलं की सरकारी पगार साधारणपणे महिन्याला ५०० रुपयांच्या वर नसावा. १९३७ मध्ये प्रांतांत काँग्रेसची मंत्रिमंडळं आली, तेव्हा मंत्र्यांनी ५०० रुपये पगार स्वीकारला.

पण खरी मेख पुढेच आहे. पगार ५०० वर थांबला, तरी घर आणि वाहनाची सोय त्याच्याबाहेर राहिली. मंत्र्याची साधी राहणी मोजायची तर नुसता पगार बघून भागत नाही, पगाराबाहेर काय मिळतं ते बघावं लागतं. हा मुद्दा तेव्हापासूनचा आहे.

ज्या खात्यात रस्ते होते

स्वातंत्र्यानंतर नागपूर ही मध्य प्रदेशची राजधानी होती. १९५२ च्या निवडणुकीनंतर रविशंकर शुक्लांच्या मंत्रिमंडळात कन्नमवारांना आरोग्य खातं मिळालं. १९५६ ला विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि कन्नमवारांचं राजकारण नागपूरहून मुंबईला पोहोचलं.

त्याच वर्षी मुंबई राज्यात दोन कायदे झाले. एक मंत्र्यांच्या वेतन-भत्त्यांचा, दुसरा आमदारांच्या वेतन-भत्त्यांचा. वेळोवेळी दुरुस्त्या होत गेल्या, पण महाराष्ट्रातल्या मंत्री-आमदारांच्या सवलतींचा पाया आजही १९५६ चे हे दोन कायदेच आहेत.

यशवंतराव चव्हाणांच्या मंत्रिमंडळात कन्नमवारांकडे इमारती आणि दळणवळणाचं खातं आलं. ज्या जिल्ह्यातून ते आले तिथे रस्ता म्हणजे दवाखाना, शाळा आणि धानाचा बाजार. मंत्र्याची गाडी जाते त्याच रस्त्यानं बाळंतीण दवाखान्यात जाते आणि शेतकऱ्याचं धान मिलवर जातं. १९६१ मध्ये राज्याच्या वेगवेगळ्या भागांतल्या सरकारी बससेवा एकत्र येऊन आजचं एसटी महामंडळ उभं राहिलं, तेही याच काळात.

एक वर्ष आणि चार दिवस

१९६२ ला कन्नमवार सावली मतदारसंघातून निवडून आले. ऑक्टोबरमध्ये चीननं हल्ला केला. संरक्षणमंत्री म्हणून चव्हाणांना दिल्लीला बोलावलं गेलं आणि २० नोव्हेंबर १९६२ ला कन्नमवार महाराष्ट्राचे दुसरे मुख्यमंत्री झाले. विदर्भातून आलेले ते पहिले मुख्यमंत्री.

काळ युद्धाचा होता. देशभर संरक्षण निधीसाठी लोक पैसे आणि दागिने देत होते. महाराष्ट्रात हे काम पुढे नेण्याची जबाबदारी कन्नमवारांवर आली. भद्रावती आणि वरणगावला संरक्षण साहित्याचे कारखाने आले, त्यामागच्या पाठपुराव्याचं श्रेयही त्यांना दिलं जातं.

पण त्यांना वेळ फार कमी मिळाला. २४ नोव्हेंबर १९६३ ला, पदावर असतानाच, त्यांचं निधन झालं. दोनच दिवस आधी अमेरिकेत केनेडींची हत्या झाली होती आणि जगभरचे पेपर त्या बातमीनं भरले होते. पदावर असताना गेलेले ते महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री. काही दिवस पी. के. सावंतांनी कारभार पाहिला आणि मग वसंतराव नाईक आले.

आज विक्रोळीचं कन्नमवार नगर अनेकांना माहीत असतं, पण त्यामागचा माणूस माहीत नसतो. चंद्रपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयालाही त्यांचंच नाव आहे.

मग आज गाडीचा हिशेब काय आहे?

२०२० मध्ये आमदारांच्या गाडीसाठीच्या कर्जाची मर्यादा १० लाखांवरून ३० लाखांवर गेली आणि व्याजाचा भार सरकारनं उचलायचं ठरलं. ड्रायव्हरच्या पगारासाठी महिन्याला १५ हजारही मंजूर झाले. एसटी आणि रेल्वे प्रवासाची सवलत वेगळीच. सप्टेंबर २०२५ मध्ये सरकारी गाड्यांच्या किमतीची मर्यादा पुन्हा बदलली. मंत्र्यांसाठी ती ३० लाख झाली, तर राज्यपाल आणि मुख्यमंत्र्यांसाठी मर्यादाच ठेवलेली नाही. लाल दिवा मात्र १ मे २०१७ पासून देशभरातून गेला.

आता वडशाकडे बघा. गडचिरोली जिल्ह्याला रेल्वेनं जोडणारं स्टेशन वर्षानुवर्षं वडसाच राहिलं. वडसा ते गडचिरोली या सुमारे ५२ किलोमीटरच्या लाइनचं काम अजून सुरू आहे. इथल्या लोकप्रतिनिधीला जंगलातल्या गावापर्यंत पोहोचायचं तर दणकट गाडी लागणार, यात वाद नाही. मुंबईत मंत्रालय ते बंगला एवढंच फिरणाऱ्या गाडीला मात्र हे कारण लावता येत नाही.

म्हणून प्रश्न गाडी हवी की नको हा नाहीच. ती कुठे गेली, किती फिरली आणि कुणाच्या कामासाठी फिरली, हा आहे. त्याचं उत्तर कागदावर असतं. सरकारी गाडीला लॉगबुक असतं, त्यात तारीख आणि किलोमीटर लिहावे लागतात. किमतीच्या मर्यादांचे शासन निर्णय सरकारच्या वेबसाइटवर कुणालाही वाचता येतात. जे तिथे सापडत नाही त्यासाठी माहिती अधिकाराचा अर्ज आहे. त्याची फी १० रुपये.